स्वर्गातली खरकटी भांडी

पन्नाशी ओलांडली की मराठी मध्यमवर्गीय माणसाला एक स्वप्न पडू लागतं. चार-पाच जुने मित्र, त्यांच्या बायका, मुळशीच्या पुढे किंवा दापोलीच्या अलीकडे दोन एकर जमीन, प्रत्येकाचं छोटंसं कौलारू घर, मधोमध सामाईक स्वयंपाकघर. पहाटे ध्यान, दिवसा सेंद्रिय भाजी, संध्याकाळी गाणं. हे स्वप्न कोजागरीला गच्चीवर मसाला दुधाबरोबर निघतं. सातबारा कुणाच्या नावावर करायचा इथपर्यंत मजल जाते आणि तेवढ्यात कुणाची तरी बायको शांतपणे विचारते, "आणि भांडी कोण घासणार?" मग सगळे दूध संपवून आपापल्या फ्लॅटमध्ये परत जातात.

मित्रमंडळात याला 'मोडता घालणं' म्हणतात. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत शहराला विटून, आत्म्याच्या शोधात, निसर्गाच्या कुशीत एकत्र राहायला गेलेल्या मंडळींचा इतिहास वाचला, तर ब्रह्म आणि मोक्ष यांवरून त्यांचं फारसं वाजलेलं दिसत नाही. वाजलं ते स्वयंपाकघरात. भांड्याला भांडं लागायचंच, असं आपण म्हणतो खरं. पण लागण्याआधी ती भांडी कुणीतरी उचलून मोरीत न्यावी लागतात.

यातला सर्वांत खुमासदार नमुना अमेरिकेतला. मॅसॅच्युसेट्स राज्यात हार्वर्ड नावाचं एक गाव आहे. (विद्यापीठ वेगळं, ते केंब्रिजला. या गावात विद्वत्ता १८४३च्या जूनमध्ये आली आणि सात महिन्यांत परत गेली.) ब्रॉन्सन अल्कॉट हे तत्त्वचिंतक शिक्षक आणि इंग्लंडहून आलेले त्यांचे स्नेही चार्ल्स लेन यांनी तिथे नवं नंदनवन वसवायचं ठरवलं. लेन यांनी १८०० डॉलर मोजून ९० एकर जमीन घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'फ्रूटलँड्स'. जमिनीवर सफरचंदाची जुनी झाडं होती जेमतेम दहा. 'आम्रकुंज' नावाच्या सोसायटीत आपल्याकडे आंबा असतो, त्याच हिशेबानं.

नियम मात्र भरघोस होते. मांस-मासे तर नाहीतच; पण दूध वासराचं, अंडं कोंबडीचं आणि मध माशांचा, म्हणून तेही वर्ज्य. चहा नाही, कॉफी नाही. लोकर मेंढीची मालमत्ता आणि कापूस गुलामांच्या घामातून आलेला, म्हणून अंगावर फक्त तागाचे सदरे. बैलाला जुंपणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य हिरावणं, तेव्हा नांगर बंद, फावडी सुरू. शेणखत अपवित्र, म्हणून जमिनीला तेही नाही. जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्यांची वृत्तीच अधोगामी, म्हणून त्यांनी कंदमुळांवरही बंदी घातली होती असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी बटाटे लावले होते. पंथ थोडा विचित्र निघाला की लोक त्याला पदरची आणखी थोडी विचित्रता लावून पुढे पाठवतात.

माणसं डझनभर. सॅम्युअल लार्नेड नावाच्या तरुणानं म्हणे एक वर्ष नुसत्या बिस्किटांवर आणि एक वर्ष नुसत्या सफरचंदांवर काढलं होतं. त्याचा सिद्धान्त असा, की शिवी शुद्ध अंतःकरणानं दिली तर ऐकणाऱ्याचं कल्याण होतं. त्यामुळे तो भेटेल त्याला प्रेमानं शिवी हासडायचा. (कोल्हापुरात हा सिद्धान्त सर्वमान्य आहे, तिथे त्याला वेगळा पंथ काढावा लागला नसता.) सॅम्युअल बोअर या गृहस्थांचं म्हणणं होतं, की कपड्यांमुळे आत्मा गुदमरतो. अल्कॉटांच्या चार मुली असलेल्या घरात हे कसं चालावं? तडजोड अशी निघाली, की आत्म्याला मोकळा वारा फक्त रात्री अंधारात द्यायचा. अब्राम वुड यानं आपलं नाव उलटं करून 'वुड अब्राम' असं घेतलं आणि तेवढ्यावर त्याची क्रांती आटोपली. प्रत्येक सरकारी फॉर्मवर आडनाव आधी लिहिणाऱ्या महाराष्ट्रात ही क्रांती रोज होते, कुणाला पत्ताही लागत नाही.

आणि एक जोसेफ पामर. हा खरा शेतकरी, आणि त्याचा गुन्हा म्हणजे दाढी. दाढी ठेवण्याची रीत नव्हती त्या काळात तो ती ठेवायचा. १८३० साली फिचबर्ग गावात चार जणांनी त्याला भररस्त्यात धरून जबरदस्तीनं हजामत करायचा प्रयत्न केला. त्यानं हात चालवले. दंड झाला तो त्यालाच! तो भरायला साफ नकार देऊन हा बाबा वर्षाहून जास्त तुरुंगात राहिला, दाढीसकट. फ्रूटलँड्सवर फावड्यांनी उकरून उकरून तत्त्वज्ञांच्या तळहातांना फोड आले, तेव्हा पामरनंच जाऊन जोडी आणली. तिच्यात एक बैल होता आणि एक गाय. आध्यात्मिक शेतीच्या इतिहासात स्त्री-पुरुष समानता बहुधा इथेच पहिल्यांदा नांगराला लागली.

राहता राहिली ॲबिगेल, म्हणजे अल्कॉटबाई. डझनभर माणसांचा स्वयंपाक, धुणं, तागाच्या सदऱ्यांची शिलाई आणि अर्थात भांडी. कुठल्याही सजीवाला जुंपायचं नाही या नियमातून ती तेवढी सुटली होती. नियम करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल असं नाही. ते त्या वेळी बहुधा संध्याकाळच्या संवादात 'उच्चतर जीवन' या विषयावर बोलत असावेत. सुगीचे दिवस आले, बार्ली कापून शेतात पडली होती आणि अल्कॉट-लेन जोडी नव्या जीवनाचा प्रचार करायला दौऱ्यावर निघून गेली. आभाळ भरून आलं. ॲबिगेल आणि मुलींनी टोपल्या घेतल्या, चादरी घेतल्या आणि पाऊस कोसळायच्या आत जमेल तेवढं धान्य कोठारात ओढत नेलं. तिची दहा वर्षांची मुलगी लुइझा हे सगळं बघत होती. तिनं पुढे १८७३ साली फ्रूटलँड्सवर कथा लिहिली, तीत हा प्रसंग आहे, आणि वडिलांचं नाव बदलण्यापलीकडे तिनं त्यांना फारशी सवलत दिलेली नाही.

एमर्सन हा अल्कॉटांचा थोर आणि सावध मित्र. जुलैत तो येऊन सगळं बघून गेला आणि आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं, की जुलैत तर छान दिसतंय, डिसेंबरात बघू. डिसेंबर आला. पेरणी मुळात महिनाभर उशिरा झालेली, पीक तोकडं, तागाचे सदरे आणि मॅसॅच्युसेट्सचा बर्फ. तशात लेन यांना साक्षात्कार झाला, की खऱ्या साधनेच्या आड येतं ते कुटुंब. अल्कॉटांनी बायको-मुलींचा मोह सोडावा. ॲबिगेलनं वाद घातला नाही. मुलींना घेऊन आपण निघतो आणि जाताना फर्निचरही नेतो, एवढंच तिनं सांगितलं. फर्निचर तिचं होतं. नंदनवन बसायला खुर्चीशिवाय चालत नाही हे सर्वांच्या एकदम लक्षात आलं आणि १८४४च्या जानेवारीत प्रयोग संपला.

लेन आपल्या मुलाला घेऊन दरीपलीकडच्या शेकर पंथीयांकडे गेले. शेकर मंडळी कडक ब्रह्मचारी, पण त्यांची शेती आणि वखारी भरलेल्या. कारण साधं होतं: त्यांच्या बायकांच्या स्वयंपाकघराच्या नि धुण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत आणि त्या ठरावीक काळानं बदलत. अल्कॉटांनी अंथरूण धरलं, अन्न सोडलं, मग हळूहळू सावरले. पंचवीसेक वर्षांनी त्यांच्या घरावरचं कर्ज फेडलं ते लुइझाच्या कादंबरीनं. शान्ता शेळके यांनी ती 'चौघीजणी' म्हणून मराठीत आणली, त्यामुळे फ्रूटलँड्सचं नावही न ऐकलेल्या हजारो मराठी मुली त्या घरातल्या शिलाई-धुलाईशी चांगल्या परिचित आहेत.

फ्रूटलँड्सपासून एकशेवीसेक वर्षं पुढे आणि अटलांटिकच्या अलीकडे. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर फिंडहॉर्न गावाजवळच्या कॅरॅव्हॅन पार्कात एक कुटुंब येऊन थांबलं. पीटर कॅडी, त्यांची पत्नी आयलीन, तीन मुलगे आणि मैत्रीण डोरोथी मॅक्लीन. पीटर पूर्वी हवाई दलाच्या खानपान विभागात अधिकारी, नंतर हॉटेलचे व्यवस्थापक. आयलीनला अंतर्यामी ईश्वराचा आवाज ऐकू येई आणि त्या आवाजाच्या सल्ल्यानं पीटर हॉटेल चालवीत. हॉटेल उत्तम चाललं, तरी नोकरी गेली. मालकांना बहुधा सल्लागाराचं नाव हिशेबात दाखवणं जड गेलं असावं. आता बेकारभत्ता, एक कॅरॅव्हॅन आणि सहा माणसं. एवढ्या दाटीत ध्यान कुठे करायचं? आयलीननं आवाजालाच विचारलं. आवाज व्यवहारी होता. त्यानं पार्कातल्या सार्वजनिक शौचालयात जायला सांगितलं. ती रात्री तिथे जाऊन बसू लागली. जिथे आतून कडी लागते ती एकमेव जागा, हे चाळीत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

बाहेर समुद्राची वाळू आणि काटेरी झुडपं. त्या वाळूत पीटरनं भाजी लावायला घेतली. डोरोथीचं म्हणणं असं, की प्रत्येक वनस्पतीची एक देवता असते आणि तिच्याशी बोलता येतं. पहिला संवाद झाला वाटाण्याशी. मग वाटाण्यापासून कोबीपर्यंत सगळ्यांची मतं विचारून शेती होऊ लागली आणि एकेक कोबी चाळीस पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबानं अठरा किलोंचा निघाला अशी ख्याती झाली. देवतांचा वाटा किती हे मोजणं अवघड. पण पीटर गाड्या भरभरून घोड्याची लीद आणि समुद्री शेवाळ आणून कंपोस्ट करत होता हे नक्की. फ्रूटलँड्सच्या तत्त्वज्ञांनी खताला नाक मुरडलं आणि त्यांची बार्ली कोठारात चादरीतून आली, हे इथे आठवायला हरकत नाही.

कोबीच्या ओढीनं लोक आले, राहिले, वाढले. ज्या क्लूनी हिल हॉटेलात पीटर व्यवस्थापक होते ते हॉटेलच १९७५ साली संस्थेनं विकत घेतलं. १९८३ मध्ये कॅरॅव्हॅन पार्कही घेतला. व्हिस्कीच्या प्रचंड पिंपांची गोल घरं बांधली, पवनचक्की उभारली, सांडपाणी झाडांकरवी शुद्ध करणारी यंत्रणा बसवली. शेजारी हवाई दलाचा किनलॉस तळ होता, तेव्हा मौनात बसलेल्यांच्या डोक्यावरून पाणबुड्या हुडकणारी विमानं घरघरत जात. दोन्ही बाजूंनी एकमेकांना सहन केलं.

पण फिंडहॉर्नचं खरं कर्तृत्व वेगळंच आहे. त्यांनी भांड्यांचा प्रश्न सोडवला. तिथे कामाला 'कृतीत उतरलेलं प्रेम' म्हणत. भांडी घासायला उभं राहण्याआधी सगळे गोल करून एकमेकांचे हात धरत, डोळे मिटत, क्षणभर एकमेकांशी सूर जुळवत आणि मग ताटांना हात घालत. नव्या माणसासाठी 'अनुभव सप्ताह' असे. त्यात ध्यान, खेळ, गप्पा आणि रोज काही तास बाग, स्वयंपाकघर नाहीतर साफसफाई. सप्ताहाचे पैसे अर्थातच पाहुण्यानं भरायचे. देशोदेशींची हजारो माणसं अशी पदरमोड करून दुसऱ्यांची भांडी घासून गेली आणि डोळे पुसत घरी परतली. पुण्यातल्या ज्या सोसायट्यांत कामाच्या मावशींनी शंभर रुपये वाढवून मागितले की सर्वसाधारण सभा बोलावतात, तिथल्या चेअरमनांनी हे मॉडेल जरूर अभ्यासावं.

प्रेमाला हिशेब मात्र चुकत नाही. कोविडच्या काळात पाहुणे थांबले, उत्पन्न आटलं, नोकरकपात आली. २०२१च्या एप्रिलमध्ये ध्यानमंदिर आणि सामाईक भोजनगृह आगीत गेलं. आग लावणारा नोकरी गेलेला तिथलाच माणूस होता. २०२३ मध्ये संस्थेनं शिक्षणवर्गही बंद केले. माणसं अजून तिथे राहतात, भाजी पिकवतात. सप्ताह संपला आहे, भांडी आता आपली आपण.

आपल्या देशातलं याचं सर्वांत मोठं भावंड म्हणजे पुदुच्चेरीजवळचं ऑरोव्हिल. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांतून आणलेली मूठमूठ माती संगमरवरी कलशात ठेवून मीरा अल्फासा, म्हणजे श्रीमाताजी, यांच्या प्रेरणेनं ते सुरू झालं. त्या वेळी तिथे धूप झालेली लाल माती आणि ऊन एवढंच होतं. पहिल्या मंडळींनी झापांच्या झोपड्यांत राहून बांध घातले, पाणी अडवलं आणि लाखो झाडं लावली. आज तिथे जंगल आहे. कुणाही टीकाकारानं तिथे जाऊन सावलीत उभं राहावं आणि मग टीका करावी. ऊन लागत नाही हे आधी मान्य करावं लागतं.

गंमत पुढे आहे. मूळ आराखडा रॉजर आंगेर या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाचा, आकाशगंगेसारखा फिरता, ५० हजार वस्तीचा. आज माणसं आहेत साधारण ३३००. पण आराखड्यातला वर्तुळाकार 'क्राउन रोड' व्हायचाच असं एका बाजूनं ठरवलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये जंगलात जेसीबी शिरले. झाडं लावणाऱ्यांपैकी काही जण जेसीबीपुढे उभे राहिले, काही जण जेसीबीच्या बाजूनं. प्रकरण हरित लवादाकडे गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २०२५च्या मार्चमध्ये निकाल लवादाचा आदेश रद्द करणारा लागला. मानवी ऐक्यासाठी वसवलेल्या नगरीत वकीलपत्रं दोन्ही बाजूंनी दाखल झाली होती. सोसायटीच्या पार्किंगवरून दिवाणी दावा लढवलेल्या कुठल्याही ठाणेकराला ही कागदपत्रं घरच्यासारखी वाटतील.

आणि भांडी? ऑरोव्हिलमध्ये घरकामाच्या बाईला 'अम्मा' म्हणतात. आसपासच्या तमिळ खेड्यांतून हजारो माणसं रोज तिथे कामाला येतात, त्यांत बऱ्याच अम्मा. सकाळी सायकलवरून नाहीतर मोपेडवरून येतात, दुपारी परत जातात. जागतिक चेतनेच्या वाटचालीत मानवजातीनं हा प्रश्न इथवर आणून सोडला आहे.

इथे महाराष्ट्रानं थोडी मान वर करायला जागा आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले, ते एकट्यानं राहावं म्हणून. झोपडीला शंभर रुपयांहून जास्त खर्च नको अशी अट. एकट्यानं राहणं त्यांना कुणी कधी जमू दिलं नाही. बघता बघता आश्रम झाला. पत्रांचे गठ्ठे येऊ लागले आणि त्यांतले बरेच सेगावऐवजी बुलढाण्यातल्या शेगावला, म्हणजे गजानन महाराजांच्या गावी जाऊन पडू लागले. तेव्हा १९४० मध्ये 'सेवाग्राम' असं नाव झालं. थोर विचारामागे पोस्टाची अडचण असू शकते, हे आपण शाळेत शिकवत नाही.

साधकांचे नमुने तिथेही लार्नेड-बोअरना लाजवतील असे. प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी मौन पाळण्यासाठी ओठ तांब्याच्या तारेनं शिवून घेतले होते आणि ते कच्चं पीठ व कडुनिंबाचा पाला खाऊन राहत. बापूंनी त्यांना समजावून बोलतं केलं आणि चरखा हातात दिला. बापूंचा कारभार पक्का होता. संध्याकाळच्या प्रार्थनेत हजेरी घेतली जाई आणि नाव पुकारलं की 'हजर' म्हणून भागत नसे, दिवसभरात सुताचे किती तार काढले तो आकडा सांगावा लागे. संडाससफाई सर्वांची. ताट ज्याचं त्यानं घासायचं, मग तो काँग्रेसचा अध्यक्ष का असेना.

तिथून काही मैलांवर धाम नदीच्या काठी पवनारला विनोबांनी १९५०च्या सुमारास 'कांचनमुक्ती' आणि 'ऋषिखेती' मांडली. पैसा वापरायचा नाही, बैल जुंपायचा नाही, जमीन माणसानं हातानं खणायची. फ्रूटलँड्सचं नाव न घेता फ्रूटलँड्सच, फक्त फावडं मारणारे स्वतः विनोबा होते. १९५९ मध्ये त्यांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं ते बहिणींसाठी. प्रमुख कुणी नाही, निर्णय बहुमतानं नव्हे तर सर्वसंमतीनं. एकीची संमती नसेल तर निर्णय थांबतो. स्वयंपाक, शेती, गोठा, झाडलोट ही कामं बहिणी आपसांत वाटून घेतात. साठ वर्षं उलटून गेली, आश्रम चालू आहे. संपत्तीवरून, झाडांवरून, फर्निचरवरून कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही. याची कारणं विद्वानांनी अध्यात्मात शोधावीत. इथे फक्त एवढंच नोंदवायचं, की हा एक स्वर्ग पहिल्या दिवसापासून बायकांनी चालवला आहे.

तो दाढीवाला जोसेफ पामर मात्र अजून राहिला. तत्त्वज्ञ निघून गेल्यावर फ्रूटलँड्सची जमीन त्यानंच विकत घेतली. बायको नॅन्सीबरोबर तो तिथे वीसेक वर्षं राहिला, नीट शेती केली, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणाही भटक्यासाठी दार उघडं ठेवलं. चुलीवर कायम एक मोठं भांडं असे, घेवड्याचं आणि बटाट्याचं. येईल त्यानं जेवावं. लेओमिन्स्टरला त्याचं थडगं आहे. त्यावर त्याचा दाढीधारी चेहरा कोरला आहे आणि दाढीपायी त्याचा छळ झाला, एवढं लिहिलं आहे. त्या भांड्याचा उल्लेख नाही.